बियाण्याची कसोटी लेसरला का नको?

जालन्याला बियाण्यांचा व्यापार नवा नाही. १९६४ साली येथे ‘महिको’ स्थापन झाली. १९६६ च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांच्या पिशवीवर उगवणशक्तीची चिठ्ठी बंधनकारक केली. तरीही परक्या मातीत डवरलेले वाण आपल्या रानात तसेच येईल, असे शेतकरी धरून चालत नाही. तोच शेतकरी लग्न ठरलेल्या मुलीच्या चेहऱ्यावरील केस काढण्यासाठी लेसरचे पैसे मोजतो, तेव्हा ही चिठ्ठी कोठे असते?

लेसरचे शास्त्र खोटे नाही. अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार योग्य तरंगलांबीचा क्षणिक झोत नेमके लक्ष्यच तापवितो. केस काढताना हे लक्ष्य म्हणजे मेलॅनिन हे रंगद्रव्य. परंतु सावळ्या त्वचेच्या वरच्या थरातही ते विपुल असते. तेथेच उष्णता शोषली जाऊन पोळण्याचा, काळे डाग पडण्याचा धोका वाढतो. गोऱ्या त्वचेवर सिद्ध झालेली मात्रा म्हणूनच येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

ग्राहकाला पारख नसली की निकृष्ट माल उत्तम मालाला बाजारातून हुसकावतो, हे अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखविले. त्यावर उपाय उघड चाचणीचाच. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. येथल्या त्वचेवर, रुग्णांच्या संमतीने, नोंदणीकृत चाचण्या तेथे व्हाव्यात. यशाइतकेच अपयशही प्रसिद्ध व्हावे. पीक बुडाले तरी पुढचा हंगाम येतो. पोळलेल्या चेहऱ्याला तो आधार नसतो.