वावरातले ज्ञान वर्गात यावे

परीक्षा जवळ आली की आपण नोट्स पाठ करतो आणि पेपर देऊन बाहेर पडताच त्या विसरतो. दोष आपल्या स्मरणशक्तीचा आहे काय? मला तसे वाटत नाही. नव्या ज्ञानाला जुन्या ज्ञानाचा आधार मिळाला तरच ते मनात टिकते. डेव्हिड ऑसुबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ च्या आपल्या ग्रंथात याच गोष्टीवर भर दिला.

बोदवड परिसरातले आपण पुष्कळजण शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरातले. चैत्र-वैशाखात काळ्या वावराला भेगा पडतात हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पण भूगोलाच्या तासाला 'रेगूर मृदेची वैशिष्ट्ये' उतरवून घेताना ही रेगूर म्हणजे आपलेच वावर, हे ध्यानात येत नाही. बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीतले चिकणमातीचे कण पाण्याने फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. एवढे त्या भेगेशी जोडून सांगितले, तर घोकंपट्टी हवीच कशाला?

अर्थात जुनी समजूत बरोबर असतेच असे नाही. 'मागणी' म्हटले की गावात मुलीला घातलेली मागणी आठवते! विनोद सोडला, तरी नुसती इच्छा म्हणजे मागणी असेच आपण धरून चालतो. अर्थशास्त्रात इच्छेबरोबर पैसे मोजण्याची ऐपत आणि तयारीही लागते. आधीची समजूत विचारली, तरच अशी चूक सापडते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांसाठी पाने, बिया, शंखशिंपले हीच शिक्षणाची साधने केली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. बालवाडीत जे साधले, ते बी. ए.च्या वर्गात का साधू नये?

प्राध्यापकांना नम्र विनंती, की तासाची पहिली पाच मिनिटे आम्हांला विचारण्यासाठी ठेवावीत. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, ही त्यांची अडचण खरी. पण तो पुरा झाला आणि मनात उरला नाही, तर उपयोग काय?

आणि मित्रहो, विचारल्यावर आपणही बोलले पाहिजे. घरात आपल्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, म्हणून आपल्याला काहीच येत नाही असे समजून आपण मागच्या बाकावर गप्प बसतो. शाळेत न गेलेल्या बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ साली आपल्या विद्यापीठाला दिले गेले. त्यांचे शेतात आणि घरसंसारात मिळवलेले शहाणपण विद्यापीठाला भूषण वाटते. मग आपल्या वावरातले ज्ञान आपण वर्गाबाहेर का ठेवावे?