फॉरमॅट मारण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले आणि आपल्या दुकानांतल्या कामाची तऱ्हा बदलली. टीपीएम २.० नाही किंवा प्रोसेसर यादीत बसत नाही, म्हणून विंडोज ११ घेत नाहीत, पण बाकी ठणठणीत आहेत, असे संगणक टेबलावर येऊ लागले. काहींवर आपण उबंटू किंवा मिंट टाकतो. जे यादीत बसतात त्यांच्यावर विंडोज ११ नव्याने चढवतो. हे काम आता होतकरू पोरगाही अर्ध्या दिवसात शिकतो. खरी परीक्षा संगणक घरी गेल्यावर होते. संध्याकाळी फोन येतो, "सगळं छान झालंय, पण नेट लागत नाही."

यावर आपल्या व्यवसायात एक ठरलेलं उत्तर आहे : केबलवाल्याला विचारा. केबलवाला म्हणतो, लाईन चालू आहे, संगणकवाल्याला विचारा. दोघांच्या मधे गिऱ्हाईक लटकतं. आमचं मत स्पष्ट आहे. ज्याने फॉरमॅट मारला, त्याने नेट लावून द्यावं. कारण बिघाड बहुतेक वेळा लाईनमध्ये नसतो. जुन्या सिस्टिममध्ये जे साठवलेलं होतं ते आपणच पुसलेलं असतं.

नेमकं काय पुसलं जातं? गल्लीतल्या लहान केबल ऑपरेटरचं जोडणं पाहा. पुष्कळ ठिकाणी अजून पीपीपीओई चालतं. ही १९९९ मधली पद्धत. यूजरनेम आणि पासवर्ड दिल्यावरच लाईन उघडते. राउटर स्वतः डायल करत असेल तर प्रश्न नाही. पण फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये असेल, तर डायल करण्याचं काम संगणकाचं. चार-पाच वर्षांपूर्वी कुणी तरी तो पासवर्ड विंडोजमध्ये एकदा टाकून गेलेला असतो, घरात तो कुणालाच ठाऊक नसतो आणि फॉरमॅटबरोबर जातो. त्याहून चकवणारा प्रकार मॅक बाइंडिंगचा. ऑपरेटरने जोडणी जुन्या संगणकाच्या मॅक पत्त्याला बांधलेली, मग संगणक बदलला तेव्हा कुणा हुशार माणसाने तोच पत्ता नव्या कार्डाच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये भरून वेळ मारून नेलेली. आता नवी सिस्टिम कार्डाचा मूळ पत्ता सांगते आणि ऑपरेटरचा सर्व्हर ओळख देत नाही. केबल नीट, दिवे नीट, ड्रायव्हर नीट, नेट मात्र बंद. अशा वेळी पुन्हा फॉरमॅट मारणारे महाभाग आमच्या पाहण्यात आहेत.

वाय-फायचं दुखणं वेगळं. जुन्या डेल, एचपी लॅपटॉपमधली ब्रॉडकॉमची कार्डं लिनक्सवर फर्मवेअर मागतात, आणि ते उतरवायला नेट लागतं. विंडोज ११ च्या सेटअपमध्येही कार्ड ओळखलं गेलं नाही की हाच घोळ : पुढे जायला नेट हवं, आणि नेटसाठी ड्रायव्हर. डेबियनवाल्यांनी तर मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यावं की नाही यावर २०२२ मध्ये मतदान केलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून ते आत घेतलं. त्यामुळे जुनी आयएसओ घेऊन बसलेल्यांनी आपले पेनड्राईव्ह एकदा बदलावेत. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील असा आमचा कयास आहे.

आणि तोवर खिशातला फोन आहेच. अँड्रॉइड फोन घरच्या वाय-फायला जोडा, केबलने संगणकाला लावा, यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे बहुतेक फोन वायरच्या नेटवर्कसारखे दिसतात, वेगळा ड्रायव्हर लागत नाही, मोबाइल डेटाही खर्च होत नाही. व्हीएसएनएलच्या डायलअपच्या काळात सॉफ्टवेअर मोडेमसाठी लिनक्सवर रात्री जागवलेल्या ज्येष्ठांना ही सोय चैनच वाटेल.

तपासताना क्रम सोडू नये. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही. केबल, बाइंडिंग आणि डायलर बघा, ब्राउझरला हात लावू नका. ८.८.८.८ ला पिंग जातो पण साइट उघडत नाही, तर आधी डीएनएस बघा. आणि ब्राउझर प्रत्येक साइटवर प्रमाणपत्राची कुरकुर करत असेल, तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो, तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते आणि ब्राउझरच्या हिशोबी आजची प्रमाणपत्रं अजून लागूच झालेली नसतात. एका सेलच्या किमतीचं काम, पण त्यासाठी नवं मदरबोर्ड सुचवल्याचंही कानावर आलं आहे.

हे सगळं फॉरमॅटनंतर शोधण्यापेक्षा आधी टिपून घेणं सोपं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी असतो. त्यात व्हेंडर ८०८६ दिसला तर कार्ड इंटेलचं, बहुधा निर्धास्त राहा. दुसरं काही असेल तर ड्रायव्हर आधीच पेनड्राईव्हवर घ्या. आयपी हाताने भरलेला आहे का, डायलर आहे का, मॅक पत्ता बदललेला आहे का, तेही बघा. पासवर्ड मात्र आपल्या वहीत लिहू नका. तो ऑपरेटरकडून मागवून गिऱ्हाइकाच्याच हाती राहू द्या.

पुढच्या वेळी जॉबकार्ड छापायला द्याल, तेव्हा "डेटा बॅकअप घेतला का" याच्या खाली आणखी दोन ओळी घाला : नेटवर्क कार्ड कोणतं आणि जोडणी कोणत्या प्रकारची. त्या भरल्याशिवाय डिस्कला हात लावू नका, आणि एखादी साइट उघडून दाखवल्याशिवाय मजुरी घेऊ नका.