घाटात कोंडलेली हवा

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणाकडे जाणारा रस्ता पाहावा. गाडीला गाडी चिकटलेली, काचा वर, एसी सुरू आणि जागेवर उभ्या गाड्यांची इंजिनंही सुरूच. आतल्यांना वाटतं, धुराचा त्रास काय तो रस्त्यावर मक्याची कणसं भाजणाऱ्यांना. पण एसीला बाहेरची हवा मिळते ती समोरच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून, म्हणजे थेट पुढच्या गाडीच्या धुरातून.

कामशेतच्या एका गॅरेजात परवा पोराने डॅशबोर्डाचा कप्पा उतरवून एसीचा फिल्टर बाहेर काढला. मूळचा पांढरा, आता काजळीने करडा. घड्यांमध्ये लाल माती, पानांचा भुगा, किड्यांचे पंख. गाडीचे मालक चाळिशीतले, रोज पुण्याला ये-जा करणारे. म्हणाले, "असं काही गाडीत असतं हेच ठाऊक नव्हतं." हा फिल्टर धूळ बरीच अडवतो. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र साध्या फिल्टरमधून आरामात निसटतात.

मग आतली हवा आतच फिरवायचं बटण दाबावं? बोगद्यात शिरताना, घाटात पहिल्या गिअरवर धापा टाकणाऱ्या ट्रकच्या मागे असताना जरूर दाबावं. सूक्ष्म कण त्याने खरोखर कमी होतात. पण ते तसंच दाबून ठेवणं धोक्याचं. आपल्या उच्छ्वासात सुमारे 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. बंद गाडीत पाच माणसं बसली, की तो भराभर साचतो. डोकं जड होतं, पेंग येते. मुलं मागे झोपली तर काही बिघडत नाही, पण घाट उतरताना चालकाचे डोळे जड व्हायला नकोत. म्हणून धूर मागे पडला, की बाहेरची हवा आत घ्यावी.

ही बाहेरची हवा तरी कशी आहे, हे पाहणारी भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था पुण्यात पाषाणला आहे. पुण्याच्या हवेचा रोजचा अंदाज देणारी 'सफर' ही यंत्रणा तिचीच. 2013 पासून पुण्यात सुरू आहे. याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली समुद्राबद्दल जे मांडलं, ते वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. पश्चिम हिंद महासागरातले वनस्पतीप्लवक सहा दशकांत 20 टक्क्यांपर्यंत घटले. हे डोळ्यांना न दिसणारे जीव. पृथ्वीवर दरवर्षी तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी जवळपास निम्मा समुद्रातल्या अशाच जिवांकडून येतो. आपल्या ताटातला बांगडा आणि तारली जगतात तीही प्लवकांवरच.

घट का झाली? समुद्राचा वरचा थर तापला. गरम पाणी हलकं, ते वरच तरंगत राहतं आणि खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येईनासं होतं. गाडीतलं ते बटण समुद्रावरही कुणीतरी दाबून ठेवावं, तसं. दाबणारे आपणच आहोत. धुराड्यांतून आणि सायलेन्सरमधून निघालेल्या वायूंनी पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता अडकवली, तिच्यातली 90 टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली.

आणि लोणावळ्याभोवतीचा मावळ तर त्याच समुद्राच्या जिवावर जगतो. पवना धरण भरतं, इंद्रायणीकाठचा भात उभा राहतो, तो अरबी समुद्रावरून आलेल्या ढगांमुळे. त्याच पावसात भिजायला येताना आपण तासभर उभ्या गाडीचं इंजिन सुरू ठेवतो, याचा मला राग येतो. पुणे-लोणावळा लोकल आहे, तिने यावं. गाडीच आणायची तर रांग हलेपर्यंत इंजिन बंद करून काचा खाली घ्याव्यात. डोंगरावरचा वारा फुकट आहे. आणि भुशीच्या रस्त्यावर, वलवणला, खंडाळ्यात हवा मोजणारी यंत्रं हवीत. आकडा रस्त्यालगत मोठ्या अक्षरांत झळकायला हवा, गाडीत बसलेल्यांना आणि कणीस भाजणाऱ्या मावशींनाही दिसेल असा.