खंबीर म्हणजे न रडणारा?

गेल्या सहामाहीत आमच्या डॉर्मिटरीतला सहावीचा एक कॅडेट दिवे मालवले की उशीत तोंड खुपसून रडायचा. "फौजी रडत नसतो," म्हणून मी त्याला दरडावले. तो गप्प झाला. पण मग त्याचे जेवण कमी झाले आणि पी.टी.तही तो मागे पडू लागला. आपले काय चुकले, ते मला दिवाळीच्या सुट्टीत तंजावूरला कळले.

तिथे शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर जर्मन मिशनरी श्वार्त्झ, आणि त्यांचा हात हातात घेतलेले सरफोजी राजे भोसले. राजांनी ते लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतले. १७८७ मध्ये तुळजाजी राजांनी सरफोजींना दत्तक घेतले आणि लगेच ते वारले. गादी अमरसिंहांकडे गेली. दहा वर्षांचा सरफोजी राजवाड्यातच कोंडला गेला, शिक्षणही तुटले. त्याच्यासाठी श्वार्त्झ कंपनी सरकारशी भांडले. १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवले, तिथे तो शिकला आणि १७९८ मध्ये राजा झाला. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतला, तरी हा माणूस खचला नाही. त्याने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. त्याच्या धन्वंतरी महालात रुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढून नोंदी ठेवल्या जात.

हा खंबीरपणा आला कुठून? स्वभावाचा काही भाग आपण जन्मतः घेऊन येतो, हे खरे. पण बाकीचा घडतो, आणि तो शरीरातून घडतो. भीती वाटली की मेंदूतला अमिग्डला हा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो. छाती धडधडते, कॉर्टिसोल वाढते, झोप उडते. या घंटेला आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. अकरा वर्षांच्या मुलाकडे तो लगाम अजून तयारच नसतो. अशा वेळी विश्वासाचे मोठे माणूस जवळ असले, तर त्याच्या शांतपणाने मुलाचे शरीरही शांत होते. मी ओरडलो तेव्हा त्याच्यापुढे आणखी एक धोका उभा केला, एवढेच.

पी.टी., वेळेवर झोप, सावकाश सोडलेला श्वास यांनी मन घट्ट होते, हे मी मानतोच. पण त्याआधी कोणीतरी शेजारी बसावे लागते.

म्हणून माझी सूचना आहे: अकरावीच्या प्रत्येक कॅडेटकडे सहावीचा एक कॅडेट सोपवावा. दिवे मालवण्यापूर्वी दहा मिनिटे त्याच्या खाटेवर बसायचे आणि ऐकायचे. सुट्टीनंतर मी हे सुरू केले. पहिले दोन दिवस तो काहीच बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने घरच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली आणि सांगता सांगता रडला. मी त्याला गप्प केले नाही. दुसऱ्या दिवशी पी.टी.त तो माझ्यापुढे धावत होता, असे मी लिहिणार नाही. पण सकाळी त्याने दोन चपात्या जास्त घेतल्या.

– एक कॅडेट, इयत्ता अकरावी