मूत्राशयाची तपासणी आणि चढता रक्तदाब

मज्जारज्जूला टी-६ किंवा त्याहून वरच्या पातळीवर इजा झालेल्या रुग्णाचा मूत्राशय युरोडायनॅमिक तपासणीत सलाईनने भरू लागला की रक्तदाब काही मिनिटांत धोकादायक चढू शकतो. ताणलेल्या मूत्राशयाचे संदेश इजेखालच्या मज्जारज्जूत सिम्पथेटिक प्रतिक्षेप जागा करतात. पोटातल्या आणि पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि त्यांना सैल करणारा मेंदूचा आदेश इजेच्या खाली पोहोचत नाही. हृदयाची गती मंदावणारी व्हेगस चेता मात्र शाबूत असते, म्हणून नाडी मंदावते; शिवाय चेहरा लाल होतो, डोके ठणकते, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो. हा ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. मूत्राशय ताणल्यावर रक्तदाब असा उसळतो, हे गटमन आणि व्हिटरिज यांनी १९४७ मध्येच दाखवले. मेंदूतील रक्तस्राव, झटके आणि मृत्यू हे त्याचे ज्ञात परिणाम आहेत.

निदानात चूक होते ती आकड्यामुळे. मानेच्या इजेच्या रुग्णाचा नेहमीचा सिस्टोलिक दाब ९० ते ११० असतो. कफवर १४० दिसले तर इतर कोणाच्या बाबतीत कुणी फारसे दचकणार नाही. या रुग्णात मात्र ती मोठी उसळी आहे. मूळ दाबापेक्षा २० मि.मी.हून अधिक वाढ, हाच निकष. मूळ दाब आधी नोंदलेला नसेल तर हा निकष लावताच येत नाही. शिवाय अनेकांत दाब चढूनही डोके दुखत नाही. ‘काही त्रास होतोय का?’ एवढे विचारणे म्हणूनच पुरेसे नाही. सलाईन चालू असताना दर दोन मिनिटांनी दाब मोजला गेलाच पाहिजे. सिस्टॉस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने मूत्राशय पाहताना, दाब याहूनही जास्त चढू शकतो. तिथेही कफ काढू नये.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात हा विषय दूरचा नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, काहींचा जीव गेला. अशा पडण्यातून वाचलेल्याच्या वाट्याला मज्जारज्जूची इजाही येऊ शकते. पुनर्वसनासाठी हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी जायचे तर कल्याणहून पहाटे निघावे लागते. त्या घाईत शौचाचा नेम चुकतो, लघवीची पिशवी तुडुंब भरते, तिचा पट्टा पायाला करकचून बसतो. यांतले प्रत्येक कारण एकटेही दाब चढवू शकते. त्यामुळे टेबलावर घेण्याआधी पोट साफ आहे का, लघवीची नळी पिळली आहे का, लघवीत जंतुसंसर्ग आहे का, हे पाहावे. मूळ दाब रुग्ण थोडा विसावल्यावर घ्यावा. सलाईन शरीराच्या तापमानाचे असावे आणि संथ सोडावे.

दाब चढताच सलाईन थांबवून मूत्राशय रिकामा करावा. रुग्णाला बसते करून पाय खाली सोडावेत. पट्टे, कंबरपट्टा, कपडे सैल करावेत. बहुतेकदा एवढ्यानेच दाब उतरतो. तरीही सिस्टोलिक १५० किंवा त्याहून वर राहिला तर झटपट काम करणारे औषध द्यावे: नायट्रेट किंवा चावून गिळायचे १० मि.ग्रॅ. निफेडिपिन. गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल घेतले असेल तर नायट्रेट टाळावे, आणि हा प्रश्न नातेवाइकांसमोर विचारू नये. औषधानंतर दाब अचानक फार खालीही जाऊ शकतो. म्हणून निदान दोन तास रुग्णाला नजरेखाली ठेवावे. घरी सोडताना त्याचा मूळ दाब, किती मिलिलिटरला दाब चढला आणि कशाने उतरला, हे कागदावर लिहून द्यावे. रात्री नळी तुंबली तर डोंबिवलीतल्या एखाद्या दवाखान्यात हाच कागद डॉक्टरांसमोर येणार असतो.