परिचारिका गावातही घडू द्या

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून एकच तक्रार येऊ लागली. आधी डोकं खाजतं, मग केस हातात येतात आणि काही दिवसांत टक्कल पडतं. आरोग्य विभागाची पथकं आली, पाण्याचे नमुने तपासायला गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञही पोहोचले. तरी सुरुवात घरोघर चौकशी करूनच करावी लागते: कोणाला, कधीपासून, घरात पाणी कुठलं, धान्य कुठलं?

ही चौकशी करायला बी.एस्सी. नर्सिंगमध्ये शिकवतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात चार वर्षं, आठ सत्रं आहेत आणि सामुदायिक आरोग्य हा त्यातला मुख्य विषय आहे.

होम व्हिजिटला गेलेली विद्यार्थिनी आधी वर्तमानपत्र अंथरते आणि त्यावर पिशवी ठेवते. साबण, टॉवेल काढून हात धुते, मगच बाकीचं सामान बाहेर निघतं. वापरलेली वस्तू स्वच्छ वस्तूंत मिसळू द्यायची नाही, हा नियम. वॉर्डात रुग्ण सिस्टरचं ऐकतो; इथे ती पाहुणी असते. सासू शेजारी बसलेली असताना गरोदर सुनेला जेवणाबद्दल कसं विचारायचं, हे तिला पुस्तकातून उमगणार नाही.

बुलढाण्याला अशाच परिचारिका हव्यात. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजाराने कित्येक घरं खचली. हा आजार बराच काळ गुपचूप वाढतो. वेळेवर रक्तदाब मोजला, लघवी तपासली, तर डायलिसिसची पाळी लांबवता येते. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांवर तर तालुक्याचं रुग्णालय गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते.

पण वॉर्डात हात कमी पडले की विद्यार्थिनींना तिकडे ओढण्याचा मोह होतो आणि गावातली पोस्टिंग लॉगबुकात सह्या घेण्यापुरती उरते. हे थांबायला हवं.

२०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्ह्यातल्या नर्सिंग महाविद्यालयांनी त्याच्या सोबतीने प्रत्येक तुकडीला काही गावं चार वर्षांसाठी नेमून द्यावीत. त्याच घरांच्या नोंदी दर सत्रात पुढे न्याव्यात, शेवटच्या वर्षाच्या तुकडीने त्या नव्या तुकडीकडे सोपवाव्यात. मुलींना गावापर्यंत नेणारं वाहन आणि सोबत शिक्षिका ही महाविद्यालयाची जबाबदारी असावी. नर्सिंग महाविद्यालयाला परवानगी देताना रुग्णालयाच्या खाटा मोजतात. त्याच तपासणीत या गावांच्या नोंदवह्याही उघडून पाहाव्यात.