हेड उतरविण्यापूर्वी

खानदेशात पौषाची थंडी पडली, की एरंडोलसारख्या महामार्गावरील तालुक्याच्या गावी गॅरेजांतून एक तक्रार हटकून ऐकू येते. मोटारीच्या ऑईलचे झाकण उघडावे, तर आत लोण्यासारखा पिवळसर थर जमलेला दिसतो. आणि तो दृष्टीस पडताच ‘ऑईलमध्ये पाणी आलं, हेड गॅस्केट गेलं’ (म्हणजे इंजिनाच्या माथ्याच्या सांध्यातील सील फुटले) असा निवाडा जागच्या जागी होऊन हेड उतरविण्याची तजवीज सुरू होते. हा निवाडा पुष्कळदा पुराव्यावाचून दिलेला असतो, आणि ज्या गाडीचे इंजिन कारखान्यातून निघाले त्या स्थितीत राहिलेले नाही, तिच्या बाबतीत तर तो देण्याचा अधिकार पूर्ण शहानिशा केल्यावाचून कोणालाही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणी इंजिनात बाहेरूनच शिरले असले पाहिजे, हा समज मुळातच अपुरा आहे. इंधन जळते तेव्हा त्यातील हायड्रोजनाचा प्राणवायूशी संयोग होऊन पाणी निर्माण होते. एक किलो पेट्रोलपासून सुमारे १.४ किलो, तर सीएनजीचा मुख्य घटक जो मिथेन, त्याच्या एका किलोपासून २.२५ किलो. उष्णता तितकीच घेतली, तरी सीएनजीवर चालणारे इंजिन पेट्रोलपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक पाणी वाफेच्या रूपाने उत्पन्न करते. त्यातील बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते; परंतु पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतोच. इंजिन नीट तापलेले असेल, तर हा अंश ब्रीदरच्या नळीतून ओढला जाऊन बाहेर पडतो. इंजिन गार राहिले किंवा ती नळी काजळीने चोंदली, तर झाकणाच्या थंड पत्र्यावर वाफेचे पाणी होते आणि ऑईलमध्ये घुसळले जाऊन तोच पिवळसर थर तयार होतो. गॅस्केटचा यात काडीचाही संबंध नसतो.

आता आपल्याकडे इंजिनात जे फेरफार होतात, त्यांचा विचार करावा. वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला आणि गाडी गरम होऊ लागली, म्हणजे ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो. इंजिनातील पाणी साधारण ८२ अंशांपर्यंत तापेतोवर रेडिएटरकडची वाट अडवून धरणे, एवढेच या लहानशा व्हॉल्व्हचे काम. वस्तुतः गाडी गरम होण्याचे मूळ बहुधा बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचून तुंबलेल्या रेडिएटरात किंवा मंदावलेल्या पंख्यात असते, आणि व्हॉल्व्हला बेदखल केल्याने ते मूळ जागेवरच राहते. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी सुटल्यामुळे काही पाणी रेडिएटर टाळूनच फिरत राहते आणि उष्णता उलट वाढते. उन्हाळ्यात केलेल्या या उपायाची आठवण हिवाळ्यात कोणालाही राहत नाही. पहाटेचा पारा दहा अंशांखाली उतरलेला असताना एरंडोलहून पद्मालयापर्यंतची जेमतेम १० किलोमीटरांची फेरी करणारी, थर्मोस्टॅट नसलेली गाडी पुरती तापण्याआधीच मुक्कामी पोहोचते, आणि तिच्या ऑईलमधील पाणी उडून जाण्याची वेळच येत नाही. त्यातच सीएनजीचे किट बसविलेले असले, तर पाणी पुरेसे तापेपर्यंत पुष्कळशी किट गॅसवर जातच नाहीत. म्हणजे काटकसरीसाठी पैसे मोजून किट बसविणारा मालक नकळत पेट्रोलच जाळत राहतो.

म्हणून तपासाचा आरंभ पान्याने नव्हे, प्रश्नांनी व्हावा : थर्मोस्टॅट जागेवर आहे काय? किट केव्हा बसविले? गाडी रोज किती चालते? त्यानंतर झाकण पुसून कोरडे करावे, गार इंजिनावर कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करावी, आणि गाडी धुळ्याच्या दिशेने तासभर सलग चालवून आणावी. नंतरच्या काही दिवसांत थर पुन्हा धरला नाही आणि पातळीही ढळली नाही, तर गॅस्केट बहुतांशी निर्दोष समजावे. डिपस्टिकवरील ऑईलच दुधाळ झाले असेल, तर मामला गंभीर आहे. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर त्याचा थेंब टाकला असता तो तडतडतो, आणि पाण्याचा अंश हजारात एका भागाइतका असला तरी ही तडतड ऐकू येते. प्रयोगशाळेत ऑईलमधील ग्लायकॉल शोधता येते हे खरे, परंतु आपल्याकडे रेडिएटरात कूलंटऐवजी नुसते पाणीच भरण्याची रीत असल्याने त्या परीक्षेचा उपयोग सर्वत्र होत नाही. रेडिएटरच्या तोंडाशी जमणारी हवा निळ्या रंगाच्या परीक्षाद्रवातून ओढून पाहावी. तो पिवळा पडला, तर ज्वलनाचा वायू पाण्यात मिसळत आहे, असे धरून कॉम्प्रेशन मोजावे आणि मगच हेडला हात लावावा.

कूलंटची पातळी घटण्याचा आणखी एक संशयित किटच्या गाड्यांत असतो, आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. सुमारे २०० बारच्या दाबाखालचा गॅस प्रसरण पावताना अतिशय थंड होतो. म्हणून तो दाब उतरविणाऱ्या रेड्यूसरला इंजिनाचेच गरम पाणी पुरविण्यासाठी मूळ होज कापून सांधे जोडावे लागतात. तेथील क्लॅम्प ढिला पडून पाणी थेंबाथेंबाने झिरपत असते, आणि कसूर मात्र गॅस्केटच्या माथी मारली जाते.

आमच्या भागातील कारागिरांचे हस्तकौशल्य वादातीत आहे. अभाव आहे तो दप्तराचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरफारांवर निर्बंध घालते, सीएनजी किटची नोंद नोंदणी-पुस्तकात करावी लागते, सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी सक्तीची आहे. पण काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटचा किंवा कापलेल्या होजचा दाखला कोठेच सापडत नाही. प्रत्येक गॅरेजाने बिलामागे चार ओळी लिहून काय काढले आणि काय जोडले हे मालकाच्या हाती द्यावे, किट बसविणाऱ्यांनी थर्मोस्टॅट आणि ब्रीदर तपासल्यावाचून काम हाती घेऊ नये, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचे धडे घेणाऱ्या मुलांना हेड उतरविण्याआधी ही तपासणी हाताने करावयास लावावी. उन्हाळ्यात काढलेला थर्मोस्टॅटही, रेडिएटर साफ करून घेतल्यावर, हिवाळ्यापूर्वी आपल्या जागी परत बसला पाहिजे. हेडच्या फेसिंगला आणि मजुरीला जो खर्च येतो, त्यापुढे या व्हॉल्व्हची किंमत क्षुल्लक आहे.